विकत घेतलं, पण आपलं झालं का?



मागच्या चातुर्मासात कपाट आवरताना सासूबाईंचं तत्त्वार्थसूत्राचं जुनं पुस्तक हाती आलं. पहिल्या पानावर त्यांच्या आईंचं नाव, त्याखाली त्यांचं. मी खाली माझं लिहिलं. ते पाहून लेक म्हणाली, "आई, मग तू मोबाइलवर घेतलेलं ते पाककृतींचं पुस्तक मला दे ना!" बरीच खटपट केली, पण देता येईना. पैसे मोजले होते, तरी ते माझं नव्हतं.

विकत घेतलेलं पुस्तक कुणाचं, हा वाद तसा जुना आहे. अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशकांनी हॅली अर्मिनी राइव्ह्ज या लेखिकेची 'द कास्टअवे' ही कादंबरी छापली. आत सूचना होती: किंमत १ डॉलर, त्याहून कमी भावात विकाल तर तो आमच्या हक्काचा भंग. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने ती ८९ सेंटला विकली. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०८ साली निकाल लागला: एकदा विकलेली प्रत पुढे कितीला विकावी, हे प्रकाशकाने सांगायचं नाही. नवीन प्रती छापण्याचा हक्क त्याचा, पण हातातली प्रत घेणाऱ्याची.

पुढे पुस्तकं पडद्यावर आली आणि हे चित्र पालटलं. २००९ च्या जुलैत अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म' ही पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. ज्याने ती विकायला ठेवली होती, त्याला तसा हक्कच नव्हता. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण घरात शिरून कपाटातलं पुस्तक न्यावं, तसंच झालं की! २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा तिथून घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तकं मात्र गेली. कारण आपण घेतो तो फक्त वाचायचा परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की असा परवाना देताना ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही.

माझी एक मैत्रीण म्हणाली, "बरंच झालं, आपोआप अपरिग्रह घडला!" मला ते पटलं नाही. परिग्रह म्हणजे वस्तूवरची आसक्ती, आणि ती परवान्यावरही जडते. शंभर पुस्तकं मोबाइलवर साठवताना माझा लोभ कुठे कमी झाला होता? उलट दान करायचं तर वस्तू आधी आपली असावी लागते. तत्त्वार्थसूत्रातही दान म्हणजे दुसऱ्याच्या हितासाठी 'स्वतःचं' देणं, असंच सांगितलं आहे. जे माझं नाहीच, त्याचा त्याग कसला आणि शास्त्रदान कसलं?

म्हणून वाटतं, मालकीची किंमत वस्तू जवळ ठेवण्यात नसून ती दुसऱ्याच्या हाती देता येण्यात आहे. हल्ली काहीही घेताना मी स्वतःला एकच विचारते: हे उद्या लेकीला देता येईल का? एकदाच वाचायचं असेल तर मोबाइल पुरतो. स्वाध्यायाचं पुस्तक मात्र कागदावरचंच घेते.

आणि लेकीसाठी? एक कोरी वही आणली आहे. रोज दुपारी एक पदार्थ लिहिते. पहिल्या पानावर माझं नाव घातलंय, खाली जागा सोडली आहे.