पैलवानाचा गुडघा

आपल्या मराठीने गुडघ्याची फारशी कदर केलेली नाही. हार पत्करली की आपण गुडघे टेकतो, लग्नाला उतावीळ झालेल्याचे बाशिंग गुडघ्याला बांधतो आणि एखाद्याची अक्कलही तिथेच नेऊन ठेवतो. पण कोल्हापुरात जन्मलेल्याला गुडघ्याकडे असे हसून पाहता येत नाही. इथे पेठापेठांत तालमी आहेत. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान 1912 सालापासून इथे आहे. आणि फुटबॉलचे संघसुद्धा पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशी नावे लावून मैदानात उतरतात. कुस्ती असो की फुटबॉल, दोन्हींचा भार शेवटी गुडघ्यावरच येतो.

या शहराशी जोडलेली एका गुडघ्याची गोष्ट साऱ्या देशाने लक्षात ठेवायला हवी. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढची हकिकत मात्र कमी सांगितली जाते. 1955 साली खाशाबा पोलीस दलात रुजू झाले. पुढच्याच वर्षी मेलबर्नचे ऑलिंपिक होते, पण गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ती वाट बंद केली. समोरच्या मल्लाने नव्हे, स्वतःच्याच सांध्याने त्यांना अडवले.

त्या काळी पैलवानाचा गुडघा गेला म्हणजे काय होत असे? ‘वाटी सरकली’ किंवा ‘शीर आखडली’ असे निदान व्हायचे. वस्ताद तेल लावून रगडायचे, हळदीचा गरम लेप बसायचा, हाडवैद्य पट्टी बांधायचा. आमच्या गल्लीतही मी हे लहानपणी पाहिले आहे. मायेत काही कमी नव्हती, पण नेमके काय तुटले ते कोणाला दिसत नव्हते. क्ष-किरणांच्या फोटोत हाडे दिसतात, लिगामेंट म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे बंध दिसत नाहीत.

असे चार मुख्य बंध गुडघ्यात असतात. दोन बाजूंना आणि दोन आत, एकमेकांवर फुलीसारखे. आतल्यांपैकी पुढचा बंध, ज्याला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, तो नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गिरकीच्या वेळी सांधा आवरून धरतो. पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेले असले की तो तुटतो. बरेचदा ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. खरा धोका पुढे असतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, सरळ चालता येते आणि पोरगा म्हणतो, ‘बरा झालो.’ मग वळताना गुडघा दगा देतो. असा प्रत्येक दगा आतली गादी थोडी थोडी कुरतडतो.

बाजूचा आतील बंध बहुधा शस्त्रक्रियेशिवाय सांधतो. एसीएल मात्र सांध्यातल्या द्रवात बुडालेला असल्यामुळे त्याची तुटलेली टोके सहसा जुळत नाहीत. हे कळायला जगालाही वेळ लागला. इंग्लंडात लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी 1895 साली एका खाणकामगाराचे तुटलेले बंध शिवले. 1917 साली ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी शिवण्याऐवजी मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यातून नवा बंध घडवला. 1918 साली टोकियोत केन्जी ताकागी यांनी मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली. आणि 1980 साली इंग्लंडात डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीच्या मदतीने नवा एसीएल बसवला.

तरीही रुग्ण पुढे आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये अडकून पडायचा. पाय काठीसारखा बारीक व्हायचा आणि गुडघा आखडायचा. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या डोनाल्ड शेलबोर्न यांच्या ध्यानात आले की, सांगितलेले न ऐकता लवकर हालचाल करणारे रुग्णच अधिक चांगले सुधारतात. 1990 साली त्यांनी ते मांडले आणि व्यायाम हाच उपचाराचा कणा झाला. आधी सूज उतरवायची, पाय पूर्ण सरळ करायचा, मांडीचा स्नायू जागा करायचा. मग अर्धी बैठक, एका पायावरचा तोल, धावणे, उड्या आणि शेवटी गिरकी. ही यादी वाचताना मला वस्तादांची आठवण येते. बैठकांवरचा त्यांचा भरवसा खराच होता. चूक होती ती ताज्या दुखापतीवर रगडण्यात आणि शेक देण्यात.

प्रत्येक वेळी सुरी लागतेच असेही नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात 121 तरुण होते. त्यांतल्या ज्यांनी आधी व्यायामाचा मार्ग धरला, त्यांच्यापैकी दहातल्या सहांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया लागली नाही. मात्र वळणे, झेप घेणे हाच ज्यांचा खेळ आहे आणि ज्यांचा गुडघा वारंवार दगा देतो, त्यांना ती बहुधा करावी लागते.

विनेश फोगाटला 2016 साली रिओच्या आखाड्यातून स्ट्रेचरवरून न्यावे लागले होते. 2018 साली तिने आशियाई स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. 2023 साली एसीएल तुटला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी तिने पॅरिसमध्ये अंतिम फेरी गाठली. पदक हुकले ते 100 ग्रॅम वजनामुळे, गुडघ्यामुळे नव्हे. खाशाबांच्या आणि तिच्या गुडघ्यात साठ वर्षांचे हे अंतर आहे.

पण हे अंतर आपोआप सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. गावाकडून आलेल्या पोराच्या खुराकासाठी बाप म्हैस विकतो. जत्रेचा हंगाम तोंडावर असतो, इनाम हवे असते. म्हणून पोरगा सूज लपवतो, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांतच लांग चढवतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका बराच वाढतो, हे आज अभ्यासांनी दाखवले आहे. नऊ महिन्यांनंतरही दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या बरोबरीला आली की नाही, ते मोजूनच खेळाडूला सोडायचे असते.

तेवढे महिने त्याचा खुराक चालू ठेवणे आणि त्याला जत्रेच्या फडापासून अडवून धरणे, ही दोन्ही कामे डॉक्टरांची नाहीत. ती वस्तादांची, घरच्यांची आणि कुस्तीवर प्रेम करणाऱ्या आपल्या गावाची आहेत. एका प्राचार्याने पोराला हेलसिंकीला पाठवण्यासाठी घर गहाण ठेवले होते. आपल्याकडे तर फक्त नऊ महिन्यांची सबुरी मागितली जात आहे.