आगीची तारीख ठरली होती

२ ऑगस्ट २०१९, शुक्रवार. ब्राझीलमधल्या जंगलतोडीचे उपग्रहीय आकडे खोटे आहेत, असं राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो सांगत होते. ते आकडे देणाऱ्या ‘इन्पे’ या अवकाश संस्थेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाव यांना पदावरून हटवण्यात येतं.

५ ऑगस्ट, सोमवार. पारा राज्यातल्या नोव्हो प्रोग्रेसो गावचं वृत्तपत्र बातमी छापतं: १० तारखेला इथले जमीनधारक एकाच वेळी आगी लावणार आहेत. त्यांचं म्हणणं: आम्हाला काम करायचंय, हे राष्ट्राध्यक्षांना दाखवायचं आहे.

अ‍ॅमेझॉनचं ओलं जंगल आपोआप सहसा पेटत नाही. आधी झाडं पाडायची, ती काही आठवडे उन्हात वाळू द्यायची, मग काडी लावायची. राखेवर गवताचं बी पडतं, गुरं येतात. जमीन सरकारी असली तरी ग्रामीण पर्यावरण नोंदणीत आपलं नाव आपणच घालता येतं. स्वतःचा सातबारा स्वतःच लिहावा, तसं. ही नोंद मालकी देत नाही. पण २०१७च्या कायद्याने सरकारी जमिनीवरचा ताबा नियमित करणं सोपं केलं आहे. म्हणून आग हे इथे जमीन बळकावण्याचं हत्यार आहे.

७ ऑगस्ट, बुधवार. केंद्रीय सरकारी वकील ‘इबामा’ या पर्यावरण रक्षण यंत्रणेला पत्र पाठवून विचारतात: आग रोखण्याची तुमची योजना काय? तीन दिवस हातात आहेत.

८ ऑगस्ट. उत्तर नाही.

९ ऑगस्ट. उत्तर नाही.

१० ऑगस्ट, शनिवार. दुपारी दीडच्या सुमाराला आगी टिपणारा अ‍ॅक्वा उपग्रह रोजच्यासारखा या भागावरून जातो. दिवसअखेर एकट्या नोव्हो प्रोग्रेसोत १२४ आगींची नोंद होते. आदल्या दिवसापेक्षा ही वाढ ३०० टक्के आहे. याच परिसरात १३ लाख हेक्टरचं जामान्शिम राष्ट्रीय वन आहे, २००६पासून संरक्षित.

११ ऑगस्ट, रविवार. नोव्हो प्रोग्रेसोत २०३. शेजारच्या आल्तामिरात २३७.

१२ ऑगस्ट, सोमवार. इबामाचं उत्तर येतं. राज्याच्या पोलिसांची साथ नाही, पथकांच्या जिवाला धोका आहे, राष्ट्रीय दलाची मदत मागितली आहे.

१९ ऑगस्ट, दुपारी ३. सुमारे २,००० किलोमीटरवरच्या साओ पावलोत भरदिवसा अंधार होतो. थंड हवेच्या ढगांत जळत्या जंगलांचा धूर मिसळला आहे. अ‍ॅमेझॉनकडे जगाचं लक्ष आता जातं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार. अ‍ॅमेझॉनमध्ये सैन्य पाठवण्याच्या आदेशावर बोल्सोनारो सही करतात. नोव्हो प्रोग्रेसोतल्या त्या शनिवारला तोवर १३ दिवस उलटले होते.