कोतवाल, तालुकदार आणि गुंठेवारी : उस्मानपुऱ्याच्या आसपासचा अंमल आणि तंटे

मलिक अंबरने 1610 साली खडकी येथे जे शहर वसवले आणि ज्याला 1653 मध्ये, दख्खनची सुभेदारी दुसऱ्यांदा हाती आल्यावर, औरंगजेबाने औरंगाबाद हे नाव दिले, ते आरंभापासून एकसंध शहर नव्हते. तो पुऱ्यांचा समूह होता. ‘बावन्न पुरे, बावन्न दरवाजे’ या म्हणण्यातील आकडा काटेकोर मानण्याचे कारण नाही, परंतु पदमपुरा, करणपुरा, बेगमपुरा ही नावे पाहिली असता सरदाराच्या किंवा राजघराण्यातील व्यक्तीच्या आश्रयाने वस्ती कशी वाढत गेली याची कल्पना येते. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने औरंगजेबाने 1682 च्या सुमारास शहराभोवती तट बांधला, तेव्हा अनेक पुरे तटाबाहेर राहिले. जुन्या शहराच्या नैर्ऋत्येस, आजच्या रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या वाटेवरील उस्मानपुराही तटाबाहेरचाच. नियम कोणी लावायचा आणि भांडण कोणी मिटवायचे, हा प्रश्न तटाच्या आत एका रीतीने सुटत असे आणि बाहेर बहुधा दुसऱ्या रीतीने.

तटाच्या आतील रीत म्हणजे कोतवाली. मोगल राज्यात शहराचा बंदोबस्त, बाजाराची देखरेख आणि किरकोळ तंट्यांचा निकाल ज्याच्याकडे असे तो कोतवाल. त्याची कर्तव्ये अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त सविस्तर नोंदवली आहेत, आणि ती वाचताना आजच्या चार-पाच खात्यांची कामे एकाच माणसाकडे होती हे ध्यानात येते. घरांची व रहिवाशांची नोंदवही त्याने ठेवावी, काही घरे मिळून एक मोहल्ला करावा आणि त्यावर ‘मीर-ए-मोहल्ला’, म्हणजे मोहल्ल्याचा मुखिया, नेमून येणाऱ्या-जाणाऱ्यांची खबर रोज घ्यावी, प्रत्येक धंद्याचा एक प्रमुख ठरवून खरेदी-विक्री त्याच्या नजरेखाली आणावी, वजने-मापे तपासावीत, आणि चोर व चोरीचा माल शोधून काढावा, न सापडल्यास नुकसानीची जबाबदारी स्वतः घ्यावी. या शेवटच्या कलमाची अंमलबजावणी कितपत होत असे हा वेगळा प्रश्न आहे, पण अधिकाऱ्याच्या अपयशाची किंमत त्याच्याच खिशातून वसूल करण्याची ही कल्पना पुढच्या कोणत्याही राजवटीने फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. औरंगजेबाने 1659 मध्ये मोहतसिब, म्हणजे बाजारातील व्यवहार आणि लोकांचे आचरण यांवर देखरेख करणारा अधिकारी, नेमला, आणि तेव्हापासून बाजारावर दोन नजरा फिरू लागल्या. शहरातील ‘कोतवालपुरा’ हे नाव त्या व्यवस्थेची आठवण टिकवून आहे.

या व्यवस्थेचे बळ मीर-ए-मोहल्ल्यात होते, कारण नियम मोडणारा आणि तक्रार करणारा दोघेही त्याला नावानिशी ठाऊक असत. मराठी मुलखात हेच काम पेठेत शेटे-महाजन आणि गावात गोतसभा करीत असे. वतनाच्या किंवा हद्दीच्या तंट्यात पंचांच्या साक्षीने जो निवाडा होई, त्याचा ‘महजर’ नावाचा लेख करून त्यावर उपस्थितांच्या निशाण्या घेतल्या जात. दोन्हीकडे अंमल आणि समेट एकाच बैठकीत उरकत असे. अर्थात जो मुखियाच्या मर्जीतला नसेल त्याला न्याय मिळणे दुरापास्त होते, हेही विसरता येत नाही.

मोगलांनंतर शहर निजामाकडे आले, आणि त्याची राजधानी हैदराबादला गेल्यानंतर औरंगाबादचा दिमाख ओसरला. पुढे दिवाण सालारजंग यांनी 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलूख जिल्ह्यांत विभागून प्रत्येकावर ‘अव्वल तालुकदार’ नेमला. या पदाचे अधिकार आजच्या जिल्हाधिकाऱ्याच्या जवळ जाणारे होते. याहून महत्त्वाचा बदल 1921 साली झाला, जेव्हा निजाम मीर उस्मान अली खान यांनी न्यायखाते कार्यकारी अंमलापासून वेगळे केले. मुंबई राज्यात असा कायदा 1951 मध्ये झाला, हे लक्षात घेतले तर मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या हैदराबाद संस्थानाने या एका बाबतीत तीस वर्षांची आघाडी घेतली होती. त्यातून अधिकाऱ्याच्या मनमानीला आळा बसला. मात्र त्याच पावलाने नियम लावणारा हात आणि तंटा मिटवणारा हात कायमचे वेगळे झाले, आणि सामान्य माणसाला दोन दारे ठोठावावी लागू लागली.

संस्थान सप्टेंबर 1948 मध्ये भारतात विलीन झाले आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी हैदराबादचे कायदे लगेच गेले नाहीत. 1954 चा घरभाडे नियंत्रणाचा हैदराबाद कायदा मराठवाड्यात 2000 सालापर्यंत लागू राहिला. त्याखाली सरकारने नेमलेला ‘रेंट कंट्रोलर’ वाजवी भाडे ठरवीत असे आणि भाडेकरूला घराबाहेर काढायचे की नाही याचाही निकाल देत असे, म्हणजे 1921 मध्ये जे वेगळे केले होते ते घरभाड्यापुरते पुन्हा एका टेबलावर आले. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याने असे खटले दिवाणी न्यायालयांकडे दिले. इनाम जमिनींच्या वारसाचे वाद 1952 च्या अतियात चौकशी कायद्याखाली चालत. वरच्या न्यायालयासाठी पक्षकारांना आधी हैदराबादला आणि नंतर मुंबईला जावे लागे; ऑगस्ट 1981 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज औरंगाबादेत सुरू झाले आणि पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, तेव्हा ही पायपीट थांबली.

डिसेंबर 1982 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, त्यानंतर कोतवालाची आणि मीर-ए-मोहल्ल्याची कामे इतक्या खात्यांत वाटली गेली की त्यांचा माग काढणे कठीण आहे. वजनमापे वैधमापन यंत्रणेकडे, खाद्यपदार्थ अन्न व औषध प्रशासनाकडे, हातगाड्या आणि वाढीव ओटे पालिकेच्या अतिक्रमण विभागाकडे, हाणामारी उस्मानपुरा पोलीस ठाण्याकडे आणि सणासुदीचा ताण शांतता समितीकडे. ‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव’ मोहीम 2007 मध्ये निघाली ती गावांसाठी; शहरातील गल्लीला तशी समिती मिळाली नाही. ती उणीव फेब्रुवारी 2018 मध्ये ठळकपणे दिसली. नारेगावच्या ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, पुढच्या महिन्यात त्याच कचऱ्यावरून मिटमिट्याला दगडफेक झाली, आणि अखेर कचरा कोठे टाकू नये हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबादेतील खंडपीठाला सांगावे लागले.

नियम आणि तंटा यांची सर्वांत मोठी गुंतागुंत मात्र गुंठेवारीत आहे. शेतजमीन बिगरशेती न करता तिचे गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे पाडून शंभर रुपयांच्या बाँडपेपरवर विकण्याची ही रीत शहराच्या कडेने पसरली, आणि 2001 च्या कायद्याने ती दंड व विकास शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढली. मूळ कायद्यातील 1 जानेवारी 2001 ही मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे ढकलली. नियमितीकरणाने बांधकामाचा प्रश्न मिटतो, परंतु तोच तुकडा दोघांना विकला गेला असेल, तर दोन बाँडपेपर घेतलेली दोन कुटुंबे दिवाणी न्यायालयातच समोरासमोर येतात.