निष्क्रिय हालचाल यंत्र

निष्क्रिय हालचाल यंत्र म्हणजे वापरणाऱ्या व्यक्तीने स्वतःचे स्नायू न वापरता तिच्या शरीराचा एखादा भाग बाह्य शक्तीने हलविणारे उपकरण होय. रुग्णालयात अशी यंत्रे शस्त्रक्रियेनंतर सांध्याची हालचाल टिकविण्यासाठी वापरली जातात. घरगुती बाजारात मात्र ती प्रामुख्याने विश्रांती, थकवा घालविणे व 'व्यायामाला पर्याय' या नावाखाली विकली जातात. या दोन उपयोगांमागील वैद्यकीय आधार सारखा नाही. त्यामुळे ही यंत्रे घरासाठी विकत घ्यावीत का, या प्रश्नाचे उत्तर ती कोणत्या हेतूने घेतली जातात यावर अवलंबून असते.

प्रकार

घरगुती वापरात पुढील प्रकार आढळतात:

• पाय झुलविणारे यंत्र: वापरणारा उताणा झोपतो आणि घोटे यंत्राच्या खोबणीत ठेवतो. यंत्र पाय मिनिटाला शंभराहून अधिक वेळा डावीकडे-उजवीकडे हलविते. 'ची मशीन' या नावाने हा प्रकार प्रसिद्ध आहे.
• मोटारीवर चालणारे पायडल: खुर्चीत बसलेल्या व्यक्तीचे पाय यंत्राच्या गतीने फिरतात.
• मालिश खुर्ची व पोटरी-तळव्यांचे मालिश यंत्र: यात सांध्यांच्या हालचालीपेक्षा दाब व मर्दन यांवर भर असतो.
• कंपन फळी: हिच्यावर उभे राहणाऱ्याला तोल सांभाळावा लागतो व त्याचे स्नायू काही प्रमाणात आकुंचन पावतात. त्यामुळे हा प्रकार पूर्णतः निष्क्रिय मानला जात नाही.

इतिहास

शरीराला दुसऱ्याकडून हालचाल व मर्दन घडविण्याची प्रथा जुनी आहे. आयुर्वेदातील दिनचर्येत अभ्यंग सांगितले आहे. महाराष्ट्रात बाळंतीण व बाळ यांना तेल लावून अंग चोळण्याची रीत घरोघरी आढळते.

यंत्राद्वारे अशी हालचाल देण्याचा पद्धतशीर प्रयत्न स्वीडिश वैद्य गुस्ताव झांडर (१८३५–१९२०) यांनी केला. त्यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे यांत्रिक उपचारांची संस्था सुरू केली. तेथील काही यंत्रे रुग्णाने स्वतः चालवायची, तर काही रुग्णाला हलविणारी होती. जपानमध्ये कात्सुझो निशी (१८८४–१९५९) यांनी आपल्या आरोग्यपद्धतीत माशाप्रमाणे अंग हलविण्याचा व्यायाम सांगितला. पाय झुलविणाऱ्या यंत्राची हालचाल त्याच्याशी मिळतीजुळती आहे.

आधुनिक वैद्यकात या कल्पनेला शास्त्रीय पाया कॅनडातील टोरोंटो येथील अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट सॉल्टर (१९२४–२०१०) यांनी दिला. १९७० पासून सशांवर केलेल्या प्रयोगांत त्यांना असे आढळले की, सांधा स्थिर ठेवण्यापेक्षा संथपणे सतत हलता ठेवल्यास कूर्चेची इजा चांगली भरून येते. यातून 'सातत्यपूर्ण निष्क्रिय हालचाल' (सीपीएम) ही उपचारपद्धती निर्माण झाली.

कार्यपद्धती

सांधा हलल्याने त्यातील वंगणद्रव पसरतो आणि भोवतालच्या ऊती आखडत नाहीत. हा परिणाम निष्क्रिय हालचालीनेही साधतो. पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा शिरांमधील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. निष्क्रिय हालचालीत हे आकुंचन जवळजवळ होत नसल्याने रक्ताभिसरणावरील परिणाम चालण्याच्या तुलनेत कमी राहतो. स्नायूंची ताकद, हाडांची घनता आणि हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढण्यासाठी शरीरावर भार पडावा लागतो. श्रम यंत्राने केल्यास तो भार शरीरावर पडत नाही.

परिणामकारकता

गुडघ्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेनंतर सीपीएम यंत्र दीर्घकाळ सर्रास वापरले जात असे. २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात २४ चाचण्या व १,४४५ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. यंत्र वापरणाऱ्यांचा गुडघा सरासरी सुमारे २ अंश अधिक वाकत होता. रुग्णाच्या दैनंदिन जीवनात जाणवण्याइतका हा फरक नाही, असा निष्कर्ष निघाला. या शस्त्रक्रियेनंतर शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होणे सीपीएममुळे टळते, यालाही दुसऱ्या कोक्रेन आढाव्यात पुरेसा पुरावा आढळला नाही.

पाय झुलविणाऱ्या यंत्राबाबत २००४ मध्ये 'लिम्फॉलॉजी' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पायांच्या लसिकाशोथाच्या रुग्णांमध्ये सूज कमी झाल्याचे त्यात नोंदविले आहे. हा अभ्यास छोट्या गटापुरता व एका विशिष्ट विकारापुरता आहे. निरोगी व्यक्तीचे वजन घटणे, मधुमेह आटोक्यात येणे किंवा शरीरातील 'विषद्रव्ये' निघून जाणे हे दावे त्यावरून सिद्ध होत नाहीत.

तालबद्ध हालचाल व मालिश यांमुळे तात्पुरता आराम वाटणे स्वाभाविक आहे. झोपाळ्यावर बसल्यावर येणारा अनुभवही याच जातीचा असतो. मात्र हा आराम व्यायामाची जागा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. यंत्रावर पडून राहिलेला वेळ या हिशेबात धरता येत नाही.

सुरक्षितता

ताजे अस्थिभंग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हाडांचा तीव्र ठिसूळपणा, मणक्यातील चकतीचा त्रास, गर्भावस्था व चक्कर येण्याचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही यंत्रे वापरू नयेत, असे सांगितले जाते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना उष्णता देणाऱ्या मालिश यंत्राने भाजल्याचे कळत नाही. एकाच पायाला अचानक सूज, वेदना व उष्णता येणे हे शिरेतील गुठळीचे लक्षण असू शकते. अशा पायावर मालिश वा यांत्रिक हालचाल धोकादायक ठरते आणि तातडीने तपासणी आवश्यक असते.

बारामती व इंदापूर परिसर

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊसशेती विस्तारली असून माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती व कर्मयोगी हे सहकारी साखर कारखाने येथे आहेत. एकीकडे ऊसतोड व शेतीतील कष्टांनी दुखावलेले गुडघे आणि कंबर, तर दुसरीकडे कार्यालये व दुकानांतील बैठे काम, अशा दोन्ही प्रकारच्या गरजा या भागात एकत्र दिसतात. निष्क्रिय यंत्राचा लाभ दोन्ही गटांना मर्यादितच आहे. कष्टकऱ्याच्या दुखऱ्या सांध्याला आधी निदान व विश्रांती हवी असते, तर बैठे काम करणाऱ्याला स्वतः हालचाल करणे आवश्यक असते.

पक्षाघाताच्या रुग्णाचे सांधे आखडू नयेत म्हणून निष्क्रिय हालचाल खरोखर उपयुक्त असते. तथापि ती हातांनी देता येते व भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) घरच्या माणसांना ती शिकवू शकतात. अशा घरात यंत्रापेक्षा तज्ज्ञाच्या काही भेटींवर केलेला खर्च अधिक उपयोगी ठरतो. बारामती येथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून बारामती व इंदापूर दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत.

खरेदी व ग्राहकहक्क

वीजवापर हा या यंत्रांचा मोठा खर्च नसतो. ५० वॅटचे यंत्र रोज अर्धा तास चालविल्यास महिन्याला ०.७५ युनिट वीज लागते. मुख्य खर्च खरेदीची किंमत व दुरुस्ती यांचा असतो. यंत्राची हमी किती काळाची आहे, दुरुस्तीची सोय जवळ आहे का, रुग्णाच्या वजनाला यंत्र पुरते का आणि परत करण्याची अट काय आहे, या बाबी खरेदीपूर्वी महत्त्वाच्या ठरतात.

औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, पक्षाघात, संधिवात व लठ्ठपणा यांचा समावेश असून हे विकार बरे करण्याच्या जाहिरातींवर त्याद्वारे निर्बंध आहेत. वैद्यकीय उपकरणांचे नियमन वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ नुसार होते. ओळखीच्या माणसांमार्फत साखळी पद्धतीने होणाऱ्या विक्रीला २०२१ चे थेट विक्री नियम लागू असून त्यांनुसार पिरॅमिड योजनांना बंदी आहे.

फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

हेही पहा

• भौतिकोपचार
• अभ्यंग
• ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
• बारामती तालुका