घरी रेसिंग सिम्युलेटर घेताना: आधी खुर्ची, मग स्टेअरिंग

घरातल्या मुलाने किंवा तरुणाने रेसिंग सिम्युलेटर घ्यायचा विषय काढला की चर्चा बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरते: स्टेअरिंग कोणत्या कंपनीचे घ्यायचे? बजेटचा मोठा भाग त्यात जातो. मग ते स्टेअरिंग जेवणाच्या टेबलाला किंवा अभ्यासाच्या टेबलाला अडकवले जाते आणि समोर प्लास्टिकची नाहीतर चाकांची खुर्ची येते. काही आठवड्यांनी कंबर, मान किंवा मनगट दुखू लागते. तेव्हा दवाखान्यात तक्रार "मोबाइल जास्त बघतो" अशी सांगितली जाते. सिम्युलेटरचा उल्लेख विचारल्याशिवाय होत नाही.

हा छंद वाईट नाही. मुंबईच्या जेहान दारुवालाने 2020 ते 2023 या काळात फॉर्म्युला 2 शर्यतींत भाग घेतला. त्या पातळीचे चालक सिम्युलेटरवर नियमित सराव करतात. मात्र त्यांच्या गाडीतले आसन प्रत्येकाच्या शरीराचा साचा घेऊन बनवलेले असते, ही गोष्ट आपण विसरतो. घरी खरेदी करतानाही हाच क्रम ठेवावा: आधी बसण्याची जागा, मग पेडल, मग स्क्रीन आणि शेवटी स्टेअरिंगची ताकद.

खुर्ची आणि चौकट

चाकांची ऑफिस खुर्ची सिम्युलेटरसाठी गैरसोयीची आहे. ब्रेक दाबला की ती मागे सरकते. ती सरकू नये म्हणून आपण नकळत पोट, कंबर आणि मांड्या आवळून धरतो, आणि तासाभराने कंबर भरून येते. सध्या हीच खुर्ची वापरायची असेल तर चाके काढून टाका, किंवा खुर्ची भिंतीला टेकवून घट्ट अडकवा.

तयार मिळणाऱ्या आसनांत दोन प्रकार असतात. पहिल्यात आपण साध्या कारप्रमाणे बसतो. दुसऱ्यात फॉर्म्युला गाडीप्रमाणे मागे रेलून, पाय जवळजवळ सरळ पुढे करून बसायचे असते. ज्यांना कंबरदुखी, गादी सरकण्याचा त्रास किंवा पायात जाणारी सायटिकाची कळ आहे त्यांनी दुसरा प्रकार टाळावा. गुडघा सरळ आणि पाठ पुढे गोलाकार अशा स्थितीत पायाची मोठी नस ताणली जाते आणि कळ वाढते.

बारामती, इंदापूर भागात आणखी एक स्वस्त पर्याय आहे. जुन्या कारचे आसन भंगारवाल्याकडून आणून गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी चौकोनी पाइपची चौकट करून घेता येते. हा पर्याय चांगला आहे, पण तीन गोष्टी पाहा:

- आसन पुढे-मागे सरकवण्याची पट्टी मूळ आसनासोबतच घ्या. घरात दोघे वापरणार असतील तर ती नसल्यास एकाची बैठक नक्की चुकेल.
- पेडलची पाटी आणि स्टेअरिंगची पट्टी एका जागी वेल्डिंग करू नका. भोके पाडून नट-बोल्टने बसवा, म्हणजे उंची आणि अंतर बदलता येईल.
- काही आसनांच्या बाजूला एअरबॅग असते. तसे आसन घेऊ नका, आणि त्याच्या वायरींना घरी हात लावू नका.

बैठक बरोबर आहे का? घरी करायची तपासणी

1. पाठ पूर्ण टेकवून बसा. खांदे न उचलता हात पुढे करा. मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. फक्त बोटे पोहोचत असतील तर स्टेअरिंग लांब आहे.
2. हात नेहमीच्या जागी ठेवल्यावर कोपर काटकोनापेक्षा थोडे जास्त उघडे असावे.
3. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे आणि कंबर आसनापासून सुटता कामा नये.
4. रस्त्याची क्षितिजरेषा डोळ्यांच्या पातळीवर असावी. हनुवटी वर किंवा खाली करावी लागत असेल तर स्क्रीनची उंची बदला.
5. कमरेच्या खोलगट भागात आधार लागत नसेल तर छोटा टॉवेल गुंडाळून ठेवा.

ही तपासणी दुकानात बसूनही करता येते. ज्याच्यासाठी घ्यायचे आहे त्याला सोबत न्या.

पेडल

साधे पेडल पाय किती खाली गेला ते मोजते. लोड सेल असलेले पेडल पायाने किती जोर दिला ते मोजते. दुसऱ्या प्रकारात ब्रेकचा अंदाज चांगला येतो, म्हणून सराव गंभीरपणे करणाऱ्यांना तो आवडतो. त्यात जोराची मर्यादा सॉफ्टवेअरमधून कमी-जास्त करता येते. सुरुवात कमी जोरावर करा आणि काही आठवड्यांत वाढवा.

जोरात ब्रेक दाबताना अनेक जण श्वास रोखून धरतात. त्या क्षणी रक्तदाब आणि पोटातला दाब वाढतो. हर्निया असलेल्यांनी आणि पोटाचे किंवा डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेल्यांनी आपल्या सर्जनने परवानगी देईपर्यंत हे पेडल वापरू नये. रक्तदाब नियंत्रणात नसेल तर आधी तो आटोक्यात आणा.

मधुमेह असलेल्यांसाठी खास सूचना: आपल्याकडे घरात अनवाणी खेळण्याची सवय आहे. पायाची संवेदना कमी झाली असेल तर धातूच्या पेडलच्या कडेने झालेली जखम कळत नाही. पातळ तळव्याचे बंद बूट घाला आणि खेळून झाल्यावर तळपाय पाहा.

स्क्रीन की व्हीआर हेडसेट?

एका स्क्रीनवर सुरुवात करणे सर्वांत सुरक्षित. ती डोळ्यांपासून साधारण हातभर, म्हणजे 60 ते 70 सेंमी अंतरावर ठेवा. 27 इंची स्क्रीनची रुंदी सुमारे 60 सेंमी असते. 60 सेंमी अंतरावरून ती डोळ्यांना सुमारे 53 अंश व्यापते. खेळातल्या 'फील्ड ऑफ व्ह्यू' या सेटिंगमध्ये आडवा कोन याच्या जवळ ठेवला तर दृश्य खऱ्यासारखे दिसते आणि चक्कर कमी येते. काही खेळांत उभा कोन विचारतात. या उदाहरणात तो सुमारे 31 अंश येतो.

मळमळ का होते? डोळे सांगतात की आपण वेगाने वळत आहोत, आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण जागेवरच आहोत. मेंदूला हा मेळ बसत नाही. घाटात बसमध्ये ज्यांना उलटी होते त्यांना, तसेच मायग्रेन असलेल्यांना हा त्रास जास्त होऊ शकतो. व्हीआर हेडसेटमध्ये बाहेरचे काहीच दिसत नसल्याने तो आणखी वाढतो.

हेडसेट विकत घेण्याआधी कोणाकडे तरी 15 मिनिटे वापरून पाहा. मळमळ, घाम किंवा जांभया सुरू झाल्या की लगेच थांबा. सहन करून सवय होत नाही, उलट दुसऱ्या दिवशी लवकर त्रास होतो. डोके हलके वाटत असेल तोवर मोटारसायकल किंवा कार चालवू नका. लहान मुलांसाठी हेडसेटच्या पेटीवर लिहिलेली वयोमर्यादा पाळा.

फिट येण्याचा आजार असलेल्या काहींना चमकणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते. घरात कोणाला असा त्रास असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारूनच निर्णय घ्या. अंधाऱ्या खोलीत खेळू नका.

स्टेअरिंगची ताकद: आकडा समजून घ्या

स्टेअरिंगमधली मोटर हाताला उलटा जोर देते. हा जोर न्यूटन मीटरमध्ये सांगतात. 30 सेंमी व्यासाच्या चाकावर हाताला तो किती जाणवेल, याचा हिशेब असा:

- 2.2 न्यूटन मीटर (लॉजिटेक जी29 सारखी गिअरची स्टेअरिंग): सुमारे दीड किलो
- 5.5 न्यूटन मीटर (मोझा आर5 सारखी छोटी डायरेक्ट ड्राइव्ह): सुमारे पावणेचार किलो
- 9 न्यूटन मीटर (मोझा आर9): सुमारे 6 किलो
- 25 न्यूटन मीटर (सिम्युक्यूब 2 प्रो): सुमारे 17 किलो

गाडी भिंतीवर आदळली की हा जोर क्षणात येतो. अंगठा चाकाच्या आरीत अडकलेला असेल तर तो मुरगळू शकतो किंवा हाडही मोडू शकते. म्हणून अंगठे कडेवर ठेवा, आत अडकवू नका. गाडी आदळणार हे दिसताच हात सोडा. मोठी मोटर घेणार असाल तर ती तात्काळ बंद करणारे बटण हाताशी हवे. शाळकरी मुलांसाठी पहिला किंवा फार तर दुसरा प्रकार पुरतो. ताकद सॉफ्टवेअरमधून निम्म्यावर ठेवून सुरुवात करा.

खरेदीआधी जुळणीही तपासा. जी29 प्लेस्टेशन आणि संगणकावर चालते, एक्सबॉक्सवर नाही. एक्सबॉक्ससाठी जी920 आहे.

पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेले असेल तर मोटरमध्ये चुंबक असतात हे लक्षात ठेवा. असे स्टेअरिंग घेण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोला.

वीज आणि उष्णता

गेमिंग संगणक, स्क्रीन आणि स्टेअरिंग मिळून 500-600 वॅट सहज घेतात. घरचा छोटा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसोबत हा भार पेलत नाही. लोडशेडिंगच्या वेळी खेळ बंद ठेवणेच बरे. लोखंडी चौकटीवर बसायचे असल्याने अर्थिंग नीट असणे फार महत्त्वाचे आहे. वायरमनकडून ते तपासून घ्या. चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिला पुन्हा हात न लावता मुख्य स्विच बंद करा. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड जोडू नका.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीवर जातो आणि संगणक खोली आणखी तापवतो. पाणी जवळ ठेवा, पंख्याचा झोत डोळ्यांवर येऊ देऊ नका.

किती वेळ खेळावे?

दर 40-45 मिनिटांनी उठा आणि पाच मिनिटे चाला. कोविडमुळे खरी शर्यत पुढे ढकलली गेली तेव्हा जून 2020 मध्ये ले मान्सची 24 तासांची शर्यत सिम्युलेटरवर झाली. तिथेही एका गाडीला अनेक चालक होते आणि ते आळीपाळीने बसत होते. युरोपातल्या खेळाडूंसोबतच्या ऑनलाइन शर्यती आपल्याकडे रात्री उशिरा सुरू होतात. झोपण्याआधी किमान एक तास खेळ थांबवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी खेळण्याआधी साखर तपासावी. शर्यतीत छाती धडधडते, घाम येतो, हात थरथरतात. साखर कमी झाल्याची लक्षणेही हीच आहेत, त्यामुळे ती लक्षात येत नाहीत.

उसाच्या हंगामात दिवसभर ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची कंबर आधीच हादऱ्यांनी थकलेली असते. त्यांनी कामावरून आल्या आल्या पुन्हा स्टेअरिंगवर बसू नये.

पालकांसाठी

सिम्युलेटरवर चांगला चालवतो म्हणून मुलाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नका. सिम्युलेटरवर आदळलेली गाडी बटण दाबून पुन्हा उभी राहते. ही सवय रस्त्यावर घातक आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्यानुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जीव जातो, आपला किंवा दुसऱ्याचा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होते, विशेषतः रात्री
- अंगठ्याच्या मुळाशी मनगटात दुखते आणि वस्तू उचलताना कळ येते
- कमरेतून पायात कळ जाते किंवा पाय बधिर होतो
- मळमळ किंवा चक्कर खेळ थांबवूनही दुसऱ्या दिवसापर्यंत राहते

पुढील लक्षणांत वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा: छातीत दुखणे, अचानक दम लागणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, फिट येणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा पायातली शक्ती कमी होणे.

थोडक्यात

बजेट मर्यादित असेल तर छोटे स्टेअरिंग आणि चांगली, घट्ट, मापात बसणारी चौकट घ्या. स्टेअरिंग दोन वर्षांनी बदलता येते, आणि तोपर्यंत तीच चौकट कामी येते. आधीचा काही आजार असेल तर पैसे भरण्यापूर्वी एकदा आपल्या डॉक्टरांशी बोला. डॉक्टरांना 'गेम खेळतो' एवढेच सांगू नका. कसे बसता, किती वेळ बसता आणि कोणती साधने वापरता हेही सांगा. बसलेल्या स्थितीतला बाजूने काढलेला एक फोटो सोबत नेला तर निदान सोपे होते.