उजेडासाठी जन्मलेली लेन्स

मिररलेस कॅमेऱ्यासाठी ८५ मिमीची प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची, लेन्स घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात, यूट्यूबवर आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राकडून एकच गोष्ट ऐकू येते: बॅकग्राउंड काय सुंदर ब्लर होते! जास्त पैसे मोजायचे तेही जास्त ब्लरसाठी, असेच सगळे धरून चालतात. पण या लेन्सचे कूळ शोधत मागे गेले, तर तिच्या जन्माच्या वेळी धूसर पार्श्वभूमी कोणी मागितलेली दिसत नाही. मागणी होती ती उजेडाची. धूसरपणा उजेडाच्या मागून आला, कित्येक दशके तो कोणाच्या खिजगणतीत नव्हता, आणि फोटोग्राफर स्टुडिओच्या बाहेर पडला तेव्हा कुठे त्याला भाव आला. हा क्रम ध्यानात घेतला की ही लेन्स कशासाठी घ्यायची आणि कशी वापरायची, याबद्दलच्या आपल्या कल्पनाही थोड्या बदलाव्या लागतात.

ऑगस्ट १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची कृती जाहीर झाली. त्या वेळची शव्हालिए या भिंगकाराची लेन्स निसर्गदृश्यांसाठी चांगली होती. पण तिचे तोंड एफ १५ च्या आसपास, म्हणजे फारच बारीक. लख्ख उन्हातही काही मिनिटे प्लेट उघडी ठेवावी लागे. इमारत तेवढा वेळ उभी राहते, माणूस राहत नाही. आणि लोकांना तर फोटो हवे होते ते माणसांचे. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर वॉलकॉटने यावर मोठी गमतीदार युक्ती काढली. त्याने लेन्सच काढून टाकली आणि तिच्या जागी अंतर्वक्र आरसा बसवला. १८४० मध्ये त्याने स्टुडिओ थाटला आणि कॅमेऱ्याचे पेटंटही घेतले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रिचर्ड बिअर्डचा स्टुडिओ याच आरशाच्या कॅमेऱ्यावर सुरू झाला. चेहऱ्यांच्या फोटोचा धंदा आरशाने सुरू झाला आणि आज तो आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे आला आहे, हा इतिहासाचा खट्याळपणाच म्हणायचा. पण वॉलकॉटचे चित्र अगदी लहान येई. प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी. तोवर भिंगे घासून आणि पारखून जुळवली जात. पेट्झवाल यांनी ती कागदावर गणिताने मांडली. आकडेमोड इतकी प्रचंड होती, की आर्चड्यूक लुडविगने त्यांच्या मदतीला तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक दिले. १८४० मध्ये फोइग्टलेंडर या भिंगकाराने बनवलेली ही लेन्स सुमारे १५० मिमी फोकल लेंग्थची आणि जवळपास एफ ३.७ ची होती. जुन्या लेन्सपेक्षा सोळा-सतरा पट उजेड आत येऊ लागला, प्लेटवरची रसायनेही सुधारली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. पोर्ट्रेट लेन्सचा जन्म हा असा.

आता धूसरपणाचे पाहू. माणसामागची दूरची वस्तू त्याच्या चेहऱ्याच्या मानाने किती विरघळेल, हे एकट्या एफच्या आकड्यावर नसते; लेन्सच्या भोकाचा प्रत्यक्ष व्यास (फोकल लेंग्थ भागिले एफचा आकडा) किती, माणूस किती लांब आणि मागची वस्तू त्याच्या किती मागे, यावर ते ठरते. पेट्झवाल यांच्या त्या पहिल्या लेन्सचे भोक सुमारे ४० मिमी भरते. आजच्या ८५ मिमी एफ २ लेन्सचे भरते ४२. म्हणजे जो ब्लर आज हौसेने विकत घेतला जातो, तो जवळजवळ तेवढाच १८४० मध्ये हाताशी होता. पुढे मोठ्या प्लेटसाठी याच घराण्यातल्या आणखी मोठ्या लेन्स निघाल्या. त्यांची भोके याहून कितीतरी रुंद होती. तरी त्या काळच्या स्टुडिओने काय केले? माणसाच्या अगदी मागे पडदा टांगला. सुरुवातीला साधा, नंतर रंगवलेला: खांब, कठडा, जिना, बाग. तो पडदा दिसावा म्हणूनच गिऱ्हाईक पैसे मोजत होते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात होते आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी शहरात व्यवसाय मांडला, तेव्हा जगभर स्टुडिओची रीत हीच होती. साधन असूनही जी गोष्ट कोणी वापरत नाही, ती त्या साधनाचा हेतू कशी असेल?

यावर जाणकार लगेच ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचे नाव घेतील. कोलकात्यात जन्मलेल्या या बाईने १८६० च्या दशकात मुद्दाम मऊ, फोकस सुटलेली पोर्ट्रेट काढली आणि टीकाकारांचे शेलके बोल ऐकले. १८६६ मध्ये डॅलमायरने तर अशी पोर्ट्रेट लेन्स बाजारात आणली, की मागचे भिंग थोडे फिरवले की चित्र हवे तेवढे मऊ व्हावे. लायट्झची १९३५ ची ९० मिमी थांबार याच परंपरेतली. तेव्हा धूसरपणाची हौस जुनीच आहे, हा आक्षेप वजनदार आहे. पण ही हौस कोणत्या धूसरपणाची होती, ते नीट पाहायला हवे. डॅलमायर आणि थांबार चेहराच मऊ करतात: सुरकुत्या, त्वचेचे खाचखळगे, केसांची कड. चेहरा धारदार आणि मागचे जग पुसलेले, ही आजची आवड त्यांच्या खिजगणतीत नव्हती. खरे तर ती त्यांच्या उलट दिशेची आहे. आज कोणी थांबारसारखा चेहरा काढून दिला, तर फोकस चुकला म्हणून गिऱ्हाईक फोटो परत करेल.

दुसरा आक्षेप फोकल लेंग्थचा. ८५ मिमीने चेहरा सुंदर दिसतो, नाक मोठे येत नाही, म्हणून ती पोर्ट्रेटची लेन्स, असे सांगितले जाते. नाक मोठे येणे हा लेन्सचा नाही, अंतराचा दोष आहे. दोन मीटरवरून ३५ मिमीने फोटो काढा आणि चेहऱ्यापुरता कापा. नाक, कान, गाल यांचे प्रमाण ८५ मिमीइतकेच येईल. ८५ चे काम एवढेच, की दोन मीटरवरून उभ्या चौकटीत साधारण ८० सेंमी उंच आणि ५४ सेंमी रुंद जागा मावते, म्हणजे डोके, खांदे आणि छाती, आणि काही कापावे लागत नाही. मग एवढ्या अरुंद कोनाची सवय आली कुठून? तिचे एक मूळ पेट्झवाल यांच्या लेन्समधल्या उणिवेत आहे. उजेड भरपूर मिळाला, पण फोकसचे प्रतल सपाट न राहता वाटीसारखे वळले. मध्यभाग लख्ख आणि कडा ढासळलेल्या. म्हणून प्लेट लहान ठेवायची आणि चेहरा मधोमध बसवायचा. १८४१ च्या फोइग्टलेंडर कॅमेऱ्याच्या गोल चित्राचा व्यास सुमारे ९ सेंमी होता. १५० मिमीच्या लेन्सला तो कोन ३३ अंशांचा पडतो. ३५ मिमी फिल्मवर किंवा तेवढ्याच सेन्सरवर ८५ मिमीचा कर्णकोन साडेअठ्ठावीस अंशांचा. फार दूरचे नाते नाही.

पार्श्वभूमी पुसण्याची गरज खऱ्या अर्थाने निर्माण झाली ती लहान कॅमेरा हातात घेऊन फोटोग्राफर रस्त्यावर उतरला तेव्हा. १९३० च्या दशकात काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी लुडविग बेर्टेले यांची ८५ मिमी एफ २ सोनार आली. आता मागे पडदा नव्हता; दुकानांच्या पाट्या, तारा, गर्दी होती. ती हटवता येत नाही, तर विरघळवायची. पडद्याचे काम ब्लरकडे आले. स्टीव्ह मॅकरीचे १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेले अफगाण मुलीचे चित्र १०५ मिमी एफ २.५ निक्कोरचे. तिच्यामागचा हिरवट पट सहज स्टुडिओतला पडदा वाटावा. त्या लेन्सचे भोकही ४२ मिमीच.

पुढे ८५ मिमी लेन्स एफ १.४ आणि एफ १.२ पर्यंत गेल्या आणि अडचण उजेडाची न राहता फोकसची झाली. दोन मीटरवरून एफ १.४ ला स्पष्टतेची जाडी साधारण साडेचार सेंटिमीटर. दीड मीटरवर आले की अडीचच्या आसपास. चेहरा थोडा वळलेला असेल तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा गेलेला. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग आरशाखाली वेगळा बसवलेला असे. सेन्सरपर्यंतच्या आणि त्याच्यापर्यंतच्या अंतरात केसभर फरक पडला, की पापणीऐवजी कान स्पष्ट येई. मिररलेस कॅमेऱ्याने आरसा काढला आणि फोकस सेन्सरवरच मोजायला सुरुवात केली. २०१३ मध्ये सोनीचा ए७ आला, २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन पूर्ण आकाराच्या सेन्सरसह त्या वाटेला लागले आणि डोळा ओळखून त्याच्यावर चिकटून राहणारा ऑटोफोकस सर्रास झाला. लेन्सच्या बसण्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतरही घटले. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होते, झेडमध्ये १६ आहे. उरलेल्या जागेत अ‍ॅडॅप्टर बसतो, त्यामुळे जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढतात. मात्र त्यांतल्या हाताने फोकस करायच्या लेन्सना डोळ्याचा ऑटोफोकस बहुधा मिळत नाही. मोठी प्रतिमा पाहून हाताने फोकस करावा लागतो.

एवढे सगळे झाल्यावर ब्लरसाठी प्राइम लेन्सच हवी, हा दावा टिकतो का? पूर्ण टिकत नाही. ७०-२०० मिमी एफ २.८ झूमचे भोक २०० मिमीला ७१ मिमी होते. ८५ मिमी एफ १.४ चे ६१. पार्श्वभूमी फार दूर असेल तर झूमच जास्त विरघळवते, फक्त फोटोग्राफरला दोन मीटरऐवजी पावणेपाच मीटरवर उभे राहावे लागते. आणि २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने पोर्ट्रेट मोड आणल्यापासून फोन ब्लर हिशेबाने बनवतो. केसांच्या कडेला तो चुकतो, पण दर वर्षी कमी चुकतो. या दोघांनाही जे जमत नाही, ते प्राइमकडे आहे: दोन मीटरवर उभे राहून समोरच्याशी बोलत, संध्याकाळच्या खिडकीतल्या किंवा हॉलमधल्या मंद दिव्याच्या उजेडात, आयएसओ फार न चढवता फोटो. झूमच्या एफ २.८ च्या तुलनेत एफ १.४ चौपट उजेड आत घेते. म्हणून उजेड पुरेसा असेल तेव्हा एफ २.८ वर जावे, दोन मीटरवर नऊ सेंटिमीटरची जाडी मिळते आणि दोन्ही डोळे सांभाळले जातात. रुंद तोंड उजेड कमी पडेल तेव्हासाठी राखावे. कोणती घ्यावी, याचेही उत्तर त्यातच आहे. सोनीची ८५ मिमी एफ १.८ आहे ३७१ ग्रॅमची. कॅननची आरएफ ८५ मिमी एफ १.२ सुमारे १,२०० ग्रॅमची. दोघींमधला उजेडाचा फरक एका स्टॉपहून, म्हणजे दुपटीहून, थोडासाच जास्त आहे. लग्नाच्या मांडवात दिवसभर कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्याने एफ १.८ वर्गातलीच घ्यावी.