पूर्व भागातला रथ

नारळी पौर्णिमेला सोलापूरच्या पूर्व भागात माग थांबतात. पद्मशाली पुरुष जानवं बदलतात आणि मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. मार्कंडेयपुत्र भावना ऋषींनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणलं, अशी या विणकरांची श्रद्धा.

तेलंगणातून ही माणसं पोटासाठी आली. 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. घरोघरचे हातमागही होतेच. आलेल्यांनी घरात तेलुगू राखली, बाजारात मराठी उचलली. गावदैवत सिद्धेश्वर तर कन्नड वचनकार! परक्याला सामावून घेणं या गावाला तसं नवं नव्हतं.

नवरात्राच्या सुमारास पूर्व भागातल्या बायका ताटात फुलांचे थर रचून बतुकम्मा उभारतात, टाळ्या वाजवत फेर धरतात. त्याच दिवसांत मराठी अंगणात पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर असतो. ओळख पटायला आणखी काय हवं? मात्र नुसत्या सणांनी माणसं रुजली, असं म्हणणं भाबडेपणाचं. पोट मागावर होतं. मार्कंडेयाच्या देवळानं त्यांच्या पाठीशी नातलगांचं जाळं उभं केलं.

याच समाजातले लक्ष्मीनारायण बोल्ली पुढे मराठीचे कवी झाले, आणि दोन्ही भाषांत ये-जा करत राहिले.